कांदेलारिया काकूंचा लाल मका

५ ऑक्टोबर, रविवार

आजपासून ही वही. ऑफिसची नाही, माझी. मी कोको गटाची सेक्रेटरी, ऑफिसच्या वहीत मीटिंगला कोण आलं आणि कोण नाही एवढंच लिहायचं असतं. शिवाय ती कावा एमेतेरिओ कधीही उघडून बघतात. गटाचे अध्यक्ष आणि गावाचे कावा, म्हणजे वडीलधारे, बघणारच. ही कोणी बघायची नाही.

काल माझा प्लॅन पास झाला. आमच्या सान लुसिओ गावातल्या बावीस घरांत मिळून मक्याच्या नऊ जाती आहेत. मी घरोघर फिरून बघितल्यात. काही जाती पाच-सहा घरांत आहेत, काही एकाच घरात. आणि सगळ्या कुठे ठेवल्यात, तर चुलीच्या वर, तारेला लटकवून, धुरात आणि काजळीत. एक छप्पर पेटलं की एक जात गेली. म्हणून सीड बँक. आपल्या गटाची कोको ठेवायची सिमेंटची खोली ट्रक येऊन गेल्यावर रिकामीच असते. तिथे झाकणाच्या बादल्या ठेवायच्या, लेबलं लावायची. सगळं एका जागी, स्वच्छ.

कावा एमेतेरिओ म्हणाले, "पोरीनं एवढा विचार केलाय, तर करू द्या." सगळ्यांनी हात वर केले. मला वाटलं होतं भांडावं लागेल. अर्ध्या तासाचं भाषण तयार होतं, त्यातलं दहाच मिनिटांचं झालं.

बायका मागच्या बाकावर होत्या. सारख्या एकमेकींकडे बघत होत्या. मला वाटतं त्यांना फार आवडलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

बियाणं गोळा करायला लागले. लोक देतात, पण थोडंथोडं. शेजारच्या सेफेरिना काकींनी काळ्या मक्याची सहा कणसं दिली. म्हणाल्या, "यंदा एवढंच गं बाई." त्यांच्या चुलीवर तारेला अजून दोन जुडग्या लटकत होत्या, साली मागे वळवून छान वेणी घातलेल्या. मी विचारलं, ती कसली?

"ती होय. कोंबड्यांची."

पुढच्या घरी पण कोंबड्यांची. त्याच्या पुढच्या घरी पण. गावात कोंबड्यांना एवढी टपोरी कणसं खायला घालतात, हे मला माहीतच नव्हतं. पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेतला पाहिजे.

आईनं पण पाचच दिली. सेक्रेटरीची आई आणि पाच कणसं.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज कांदेलारिया काकूंकडे गेले होते. त्यांचं घर गावाच्या अगदी शेवटी. नवरा गेला त्याला सहा वर्षं झाली, मुलगा किनाऱ्यावरच्या हॉटेलात कामाला आहे. शेत नदीच्या पल्याड, वळणाच्या मागे, मध्ये जंगल. बिचारीच्या वाट्याला तेवढं लांबचं आलंय.

लाल मका फक्त त्यांच्याकडे आहे. तीन महिन्यांत येतो. नदीला उशिरा पूर येऊन बाकीच्यांचा पेरा वाहून जातो त्या वर्षी लोक त्यांच्याकडे ओंजळभर बी मागायला जातात, असं बाबा सांगतात. पुढच्या वर्षासाठी आपल्याकडे मात्र कोणी ठेवत नाही, कारण दाणा बारीक आणि दळायला कडक.

काकू भाकऱ्या थापत होत्या. मी सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथं चूल आहे?"

"नाही काकू. गरजच नाही."

"मग राखणार कोण?"

"मी."

"तू?"

"हो. मी."

त्यांनी हात पुसले, बाकावर चढल्या आणि तार रिकामी केली. दोन टोपल्या भरल्या. सगळं दिलं. म्हणाल्या, "तू शिकलीस, तुला कळत असेल." उतरताना गुडघा धरून उतरल्या.

गावात एका बाईचा तरी माझ्यावर पूर्ण विश्वास आहे. घरी येईपर्यंत मी चालत नव्हतेच, उडत होते.

१८ ऑक्टोबर, शनिवार

दाणे काढून झाले. साली ठेवल्या तर बादलीत मावत नाही, आणि किडे सालीतूनच येतात. सुकवायला तीन दिवस ऊन पाहिजे होतं. पावसानं एक दिवस दिला. मग खोलीत फरशीवर पसरून दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवल्या. पुस्तकात ओलावा मोजायचं यंत्र सांगितलंय, ते पुंता गोर्दा शहरात पण मिळत नाही. मी दाताखाली दाणा धरून बघितला. कट् असा आवाज आला. चालेल.

बाबा दारात उभे राहून बघत होते.

"वरून पाऊस, खालून सिमेंट, आणि मधी तू सुकवतीस."

"बाबा, वारा आहे ना."

"साली का काढल्या?"

"किडे सालीतून येतात."

"आणि धुरात का येत नाहीत?"

मी म्हटलं, "धूर हा उपाय नाही बाबा, सवय आहे." बाबा कोयता घेऊन कोकोच्या बागेत गेले. वाक्य चांगलं जमलं होतं, म्हणून इथे लिहून ठेवते.

नऊ बादल्या, नऊ लेबलं. लाल मका सर्वात जास्त भरला, नऊ पौंड.

२ नोव्हेंबर, रविवार

आज पितरांचा दिवस, सगळे कबरींवर. खूप पोच खाल्ले, पानात वाफवलेले मक्याचे गोळे. काकूंनी नवऱ्याच्या कबरीवर लाल मक्याचं कणीस ठेवलं नाही, दरवर्षी ठेवतात म्हणे. ठेवायला घरात नव्हतं. मी म्हटलं, काकू, सांगायचं ना, बादलीतून मूठभर आणलं असतं. त्या म्हणाल्या, "त्याला कणीस लागतं."

२४ नोव्हेंबर, सोमवार

नदीकाठची रानं तोडायला सुरुवात झाली. हिवाळी मक्यासाठी आपण रान जाळत नाही. झुडपं तोडून तिथेच पाडून ठेवायची आणि त्या पाल्यातून काठीनं टोकायचं. कॉलेजात सर हेच शिकवायचे आणि त्याला केवढं मोठं नाव द्यायचे.

सकाळी बादल्या उघडायला गेले. लोकांना बी वाटायचं होतं. पहिलं झाकण उघडलं तर आतून ऊब आली. मक्याला ऊब कशाला असेल. हात घातला, हाताला पीठ लागलं. मग ते पीठ चालायला लागलं.

सोंडे. नऊच्या नऊ बादल्यांत.

दाणे वरून चांगले दिसतात आणि आतून पोकळ. बोटांत धरला की फुटतो. काही बादल्यांत तळाशी बुरशी. मी दार लावून घेतलं आणि बराच वेळ आतच बसले. कान लावला तर आवाज येतो, बारीक, कुरतडल्याचा.

आज कोणाला सांगितलं नाही. उद्या सांगणार. पळणार नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळीच सगळ्या घरी जाऊन सांगायचं ठरवलं. पहिल्यांदा सेफेरिना काकी. मी वाक्य पूर्ण करायच्या आधीच रडायला लागले, ठरवलं होतं तसं काही झालं नाही.

"अगं, रडतीस काय? सोंडे झाले ना? होणारच. माझ्याकडं आहे की बी."

"कुठे?"

त्यांनी वर हात केला. तारेवर त्या दोन जुडग्या होत्या.

"ती कोंबड्यांची ना?"

"कोंबड्यांना मी एवढं देते होय? माझ्या नवऱ्याला देत नाही."

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तेच. सगळ्यांनी अर्ध्याहून जास्त बी मागे ठेवलं होतं. गावातला काळा, पिवळा, ठिपक्यांचा, सगळा मका जागच्या जागी, काजळी खात लटकतोय. मला आनंद व्हायला पाहिजे होता. राग आला.

घरी येऊन आईला म्हटलं, "म्हणजे माझ्यावर कोणाचाच भरवसा नव्हता. तुझा पण."

"तुझ्यावर होता. सिमेंटवर नव्हता."

"मग तेव्हाच सांगायचं ना."

"तू भाषण करत होतीस."

मी तणतणत राहिले. आई तव्याजवळ होती. तिनं सहज विचारलं, "कांदेलारियानं किती दिलं होतं?"

"सगळं."

आईचा हात थांबला. भाकरी करपेपर्यंत थांबला.

२६ नोव्हेंबर, बुधवार

काकूंना सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सगळाच?"

"सगळाच, काकू."

"दाखव."

माझ्या मागून खोलीपर्यंत आल्या. बादलीत कोपरापर्यंत हात घातला, तळाची मूठ वर काढली. सोंडे त्यांच्या मनगटावरून वर चढत होते, त्यांनी झटकले पण नाहीत. दाणे बघितले. परत बादलीत सोडले.

"सासूनं डोंगरापलीकडनं आणला होता," म्हणाल्या. "फडक्याच्या गाठीत." मग म्हणाल्या, "कोंबड्यांना घाल." आणि गेल्या.

मी घालणार नाही. नऊ पौंडांत एकही जिवंत नसेल हे मला पटत नाही. सोंडा आधी मधला पिठाचा भाग खातो. टोकाशी कोंब असतो तो कधीकधी वाचतो. हे मला येतं, ह्याचे मला मार्क मिळालेत. एकेक दाणा बघायचा.

२९ नोव्हेंबर, शनिवार

तीन दिवस खिडकीत बसून दाणे बघतेय. उजेडाकडे धरायचा, कोंबाच्या जागी भोक आहे का बघायचं, नखानं हळू दाबायचं. काल दुपारपर्यंत एकोणीस. आज संध्याकाळी सत्तावन्न.

कावा एमेतेरिओ आले. बराच वेळ बघत उभे होते.

"सेक्रेटरी बाई, मीटिंग होती आज."

"विसरले."

"तूच बोलावली होतीस."

मी मान वर केली नाही. त्यांनी स्टूल ओढलं, चष्मा लावला आणि माझ्यासमोर बसून दाणे बघायला लागले. त्यांना तासाभरात दोन सापडले. त्यातला एक मी बाद केला.

१ डिसेंबर, सोमवार

संपलं. नऊ पौंडांतून एकशे अठरा. ते एका वाटीत मावतात. तळ झाकतो फक्त.

त्यातले दहा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेत. किती उगवतात बघायचं. दहा खर्च करायला जीव होत नव्हता, पण माहीत नसताना पेरून परत एकदा काकूंसमोर उभं राहायची हिंमत नाही माझ्यात.

४ डिसेंबर, गुरुवार

दहातले सात उगवले. सात.

फडकं तसंच हातात धरून नदी ओलांडली. काकू शेतात एकट्याच झुडपं तोडत होत्या. उसना पांढरा मका लावणार होत्या. मी वाटी आणि फडकं दाखवलं. त्यांनी फडक्यातल्या पांढऱ्या कोंबांना बोटाचं टोक लावलं.

"एकशे पंधरा दाण्यांचं शेत असतं का कुठं?"

"असतं."

"लावणार कोण?"

"मी लावते. आत्ता लावते."

"बाईनं मका टोकलेला कधी बघितलास?"

"मग आता बघतील."

"नको." त्यांनी कोयता झाडात रोवला. "लावायचा तर रीतीनं. माणसं पाहिजेत. डोंगराला विचारायला पाहिजे. टर्कीचा रस्सा पाहिजे, काल्दो."

"एवढ्याशासाठी?"

"तूच म्हणालीस ना शेत असतं म्हणून."

अडचण अशी की आपल्याकडे पेरणी सावडीनं चालते. तू माझ्याकडे एक दिवस ये, मी तुझ्याकडे एक दिवस येईन. काकूंच्या घरून दिवस फेडायला पुरुष नाही. त्यामुळे त्यांच्याकडे माणसं सगळ्यात शेवटी येतात, तेही दोन-तीन, वेळ उरला तर. मी म्हटलं, दिवस मी फेडीन. जेवढी माणसं येतील तेवढे दिवस.

"तू?"

मागे एकदा पण असंच विचारलं होतं. ह्या वेळी मला लगेच हो म्हणता आलं नाही. थोडं थांबून म्हटलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

नोटीस लिहून ऑफिसच्या दारावर लावली. मंगळवारी सकाळी सात वाजता, कांदेलारिया काकूंचं शेत, आपापली काठी आणावी, प्रत्येकाचा दिवस सेक्रेटरी स्वतः फेडेल. इंग्रजीत लिहिली, कारण केक्चीत, आमच्या बोलीत, लिहायला शाळेत आम्हाला कोणी शिकवलंच नाही. अक्षर मोठं काढलंय.

बाबा जेवण झाल्यावर बाहेर पडले ते अंधार पडता पडता आले. म्हणे कोयत्याला धार लावत होते. कोयता घरीच होता. म्हातारपण आलं बहुतेक.

७ डिसेंबर, रविवार

चर्चबाहेर कावा एमेतेरिओंनी गाठलं. सोबत पाच-सहा जण.

"सेक्रेटरी बाई, मंगळवार कोणी ठरवला?"

"मी. का?"

"असं काही ठरवायचं तर लग्न झालेल्या माणसांना आधी विचारावं. निदान आठवडाभर."

"का पण? सगळे मोकळे आहेत ना?"

"मोकळे आहेत. पेरणीच्या आधी किती रात्री बायकोपासून लांब झोपायचं ते कॉलेजात शिकवत नाहीत वाटतं."

सगळे हसले. मला कळायला थोडा वेळ लागला, मग कान तापले. एक जण म्हणाला, "माझं काही नाही, माझी बायको नोटीस लावणाऱ्याचे आभार मानतीय." परत हसले.

म्हणजे नोटीस वाचली लोकांनी.

बाबांनी परवापासून निजायचा झोळणा ओसरीत बांधलाय. उकडतंय म्हणतात.

९ डिसेंबर, मंगळवार

बारा जण आले. बाबा धरून. मी चार धरले होते.

काकूंनी पहाटे टर्की कापली होती. एकच होती त्यांच्याकडे. शेताच्या मधोमध कावा एमेतेरिओंनी धूप पेटवला, कोकोचं पाणी चारी कोपऱ्यांत शिंपडलं आणि डोंगराशी बोलले. एरवी ते पिकाबद्दल बोलतात. आज म्हणाले, "थोडंच आहे. आमच्यातल्या एका पोरीची चूक झाली. तिनं ती लपवली नाही." मी खाली पाल्याकडे बघत होते.

मग माझं भांडण झालं. मी म्हटलं, दाणे कमी आहेत, एका भोकात एकच टाका. आणि चौकोनात लावा, एका ओळीत नको, नाहीतर परागकण नीट पडणार नाहीत. आणि जवळपास दुसरा मका नको, मिसळ होईल.

"चौकोनात लावू," कावा एमेतेरिओ म्हणाले. "आणि मिसळ व्हायला दुसरा मका आहे कुठं इथं? उसना पांढरा ती आता लावणार नाही. लाल मका कायम पल्याडच लावतात. म्हणून तर तिचं शेत इथं आहे."

मला वाटलं होतं लांबची जमीन नशिबानं आली. काकूंच्या सासूनं निवडून घेतली होती.

"पण भोकात तीन," ते म्हणाले.

"एक."

"वारा आला की एकट्या ताटाला धरणार कोण? तू?"

काकू लांब उभ्या होत्या. म्हणाल्या, "तीन." मी वाटी पुढे केली.

एकशे आठ दाणे, बारा जण. प्रत्येकाच्या तुंब्यात नऊ. माणसं ओळीनं उभी राहिली, जशी मोठ्या शेतात उभी राहतात तशीच. काठी मारली, तीन दाणे सोडले, पायानं पाला सारला, एक पाऊल पुढे. तीनदा. झालं. मी अजून वाटी पुसत होते.

कोंब फुटलेले सात फडक्यात राहिले होते. ते तुंब्यातून सोडले तर मोडतील, म्हणून कोणी हात लावेना. काकू पुढे आल्या. गुडघ्यावर बसल्या, बोटानं माती उकरली आणि एकेक ठेवला. काठी नाही, काही नाही. बाई मका लावत होती आणि बारा पुरुष पलीकडच्या झाडांकडे बघत होते, जणू काही तिथे कोणी हाक मारलीये.

दिवस म्हणजे पूर्ण दिवस. काल्दो न खाता जाता येत नाही आणि काल्दो शिजायला वेळ होता. म्हणून त्यांनी काकूंचं उरलेलं रान तोडलं, कुंपण बांधलं, घराच्या छपराची झिरपणारी बाजू नव्या झावळ्यांनी शिवली. जेवताना एक जण म्हणाला, "आयुष्यात एवढा लहान पेरा केला नाही आणि एवढा दमलो नाही." दुसरा म्हणाला, "सेक्रेटरी बाई, माझ्याकडं येशील तेव्हा खूप काम ठेवतो."

बारा दिवस मला फेडायचेत. नोटीस लावली म्हणून एवढे आले. यापुढे प्रत्येक गोष्टीची नोटीस लावणार.

१६ डिसेंबर, मंगळवार

उगवला. पाल्यातून हिरवी टोकं, त्र्याऐंशी. काकू रोज पहाटे जाऊन बसतात. पोपटांना हाकलायला पत्र्याचा डबा वाजवतात. माझ्याशी बोलत नाहीत. डबा माझ्या हातात देऊन घरी जातात, ते बोलणं धरायचं असेल तर धरायचं.

१० जानेवारी, शनिवार

चार दिवस फेडले. पहिल्या घरी कोकोची फळं फोडली. दुसऱ्या घरी दिवसभर मका धुतला आणि दळला. तिथल्या बाई म्हणाल्या, "माझ्या नवऱ्यानं तीन भोकं पाडली होती, तू तीन पायल्या दळल्यास. तुझं गणित कच्चं आहे."

तिसऱ्या घरी रोगट फळं तोडायला पाठवलं. हे मला येतं. पांढरी भुकटी उडायच्या आत तोडायचं, जमिनीवर ठेवून पाल्यानं झाकायचं. तिथे माझं ऐकतात. चौथ्या घरी जुळी पोरं सांभाळली. त्यापेक्षा दळण परवडलं.

काम करताना वर चुलीकडे बघते. कोणाकडे काय लटकतंय ते आता मला न विचारता ओळखू येतं. बायका कशी निवडतात ते पण बघते. टोकाचे आणि बुडाचे दाणे बियाण्याला घेतच नाहीत, फक्त मधले. मी ऑक्टोबरात सगळे घेतले होते. मला कोणी सांगितलं नाही. मी विचारलं पण नव्हतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

काल रात्री वारा झाला. सकाळी धावत गेले. नदीच्या गावाकडच्या काठावर पांढऱ्या मक्यातली बरीच एकटी उरलेली ताटं आडवी झालीत. लाल मका वाकलाय, पण तिघं तिघं एकमेकांना टेकून उभी आहेत. बहात्तर राहिलीत. तुरे यायला लागलेत.

काकू तिथेच होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ताटांकडे बघितलं. तीन, असं काही म्हणाल्या नाहीत. मला ऐकू आलं तरी.

आठ दिवस फेडून झाले, चार राहिले.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

बाराव्या घरचा दिवस म्हणजे आपलंच घर. बाबांना म्हटलं, तुमचा दिवस सोडून द्या ना, मी तुमची मुलगी.

"सावड आहे. पोरगी बिरगी काही नाही."

दिवसभर त्यांच्यासोबत बागेत छाटणी केली. दुपारी त्यांना विचारलं, बाबा, नोटीस एवढी चांगली होती का? बारा जण आले. बाबा म्हणाले, "अक्षर मोठं होतं." आणि खोकल्याची उबळ आली त्यांना.

फिटले सगळे. आता मी कोणाचं काही देणं लागत नाही.

१६ मार्च, सोमवार

कापणी झाली. साठ कणसं. आणखी सहा कणसं पोपटांनी आणि एका पिसोट्यानं, त्या लांब नाकाच्या चोरट्या जनावरानं, खाल्ली ती वेगळी. काही कणसं बोटाएवढी, काही वीतभर. साल सोलली की आत ओल्या विटेसारखा रंग.

काकूंनी सगळी टोपलीत भरून डोक्यावर घेतली. मी हात पुढे केला होता, त्यांनी तिकडे बघितलं नाही. मी मागून चालत राहिले. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, आज तरी काहीतरी बोलतील. एवढं केल्यावर.

घरी येऊन हे लिहितेय. चिडलेय, पण आता त्या चिडण्याला फारसा अर्थ नाही. मका आहे. ते ठरवलं होतं, ते झालं. गटाच्या मीटिंगमध्ये सांगणार आहे की बादल्या कोकोसाठी वापरा. सीड बँक बंद नाही करत. कुठल्या घरी कुठला मका आहे ते भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिणार, म्हणजे एखाद्याचा गेला तर कुठे मागायचं ते कळेल. बी चुलीवरच राहू दे. निदान दोन घरांत एकेक जात पाहिजे, एवढाच नियम. लाल मका अजूनही एकाच घरात आहे. त्यासाठी काकूंना विचारायला लागेल. उद्याच जाते.

१७ मार्च, मंगळवार

गेले नाही. हिंमत झाली नाही. विचारायला गेले आणि काकूंनी "एकदा दिलं होतं" एवढंच म्हटलं तर माझ्याकडे उत्तर काय?

२१ मार्च, शनिवार

सकाळी काकूच दारात आल्या. आई बाहेर आली. काकू तिच्याशी बोलल्या, पण ऐकू मला येईल असं.

"तुझ्या पोरीनं बाराचे बारा दिवस फेडले म्हणे."

"फेडले."

"मग माझा कधी फेडणार? मी पण होते की त्या दिवशी. सात दाणे मी लावले. टर्की माझी गेली."

आई माझ्याकडे बघायला लागली. मी चप्पल पण घातली नाही, तशीच निघाले.

काकूंच्या अंगणात साठ कणसं चटईवर मांडलेली होती. त्यांनी मला समोर बसवलं. म्हणाल्या, बी निवडायचंय. जे निवडून राहील त्यातलं थोडं सेफेरिनाच्या चुलीवर जाणार, थोडं एमेतेरिओच्या, थोडं तुझ्या आईच्या. बाकी माझ्या. मी विचारायचं म्हणून पाच दिवस झोपले नव्हते, आणि त्यांनी आधीच वाटून टाकलं होतं. मी पहिलं कणीस उचललं. बोलले असते तर परत भाषण झालं असतं.

दुपारपर्यंत बसले. दाण्यांच्या ओळी सरळ आहेत का, साल टोकापर्यंत घट्ट आहे का, बूड बारीक आहे का, सगळं बघितलं. मला जे जे माहीत होतं ते सगळं लावून वीस कणसं निवडली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

काकूंनी एकेक उचललं, हातात फिरवलं आणि टोपलीत टाकलं. टोपली म्हणजे खायची. सहावं टोपलीत. दहावं टोपलीत. मी मोजणं सोडून दिलं. शेवटी चटईवर दोन राहिली.

मी विचारलं, "हीच दोन का?"

"उद्या सांगते," त्या म्हणाल्या. "आजचा दिवस झाला तुझा. उद्या ऊन चढायच्या आत ये, उरलेली चाळीस आहेत अजून."